आधी कपाटाची किल्ली द्या

प्रश्न : माझी शिरोली एमआयडीसीत फाउंड्री आहे. मुलीने मेडिकलची ‘नीट’ परीक्षा दोनदा दिली, थोडक्यात हुकली. तिसऱ्यांदा बसायला तयार नाही. पाहुणे विचारतात. रात्रभर लॅपटॉपवर रंगीत गोळ्यांचा गेम फिरवते, म्हणते मॉलिक्युल दाखवणारं सॉफ्टवेअर करणार. त्यातही काही लाल ठिपके सुटे लोंबकळतात, म्हणजे तेही धड जमलेलं नाही. लॅपटॉप कपाटात ठेवलाय. बारावीची गुणपत्रिका सोबत जोडली आहे. तिला समजवा.
– एक पालक, कोल्हापूर

उत्तर : नमस्कार. तिला समजवायचं काम मी घेणार नाही. काळजी वाटली ती त्या कपाटाची. एकोणीस-वीस वर्षांच्या पोरीची वस्तू कुलपात! गुणपत्रिकेची झेरॉक्स पाठवलीत, तिच्या प्रोग्रामचं एक पान नाही. तो तुम्ही बघितलाय का? पाहुण्यांची गाठ वर्षातून दोन लग्नांत पडणार. नीटची पुस्तकं मात्र तिला रोज उघडावी लागणार.

आता ‘गेम’विषयी. त्या रंगीत गोळ्या म्हणजे अणू. प्रोटीनसारख्या मॉलिक्युलच्या रचनांचा साठा असलेली प्रोटीन डेटा बँक १९७१ साली सात रचनांवर सुरू झाली, आज तिथे दोन लाखांहून जास्त आहेत, सगळ्या फुकट. एकेका फाइलमध्ये प्रत्येक अणू कुठे आहे त्याचे तीन आकडे असतात, अँगस्ट्रॉममध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या एक कोटीव्या भागात. प्रोटीनमधला कुठला अणू कुणाला जोडलाय हे बहुधा लिहिलेलंच नसतं. दोन कार्बन साधारण दीड अँगस्ट्रॉमवर दिसले की बॉन्ड काढायचा, हे प्रोग्रामला शिकवावं लागतं. आणि ते सुटे लाल ठिपके? ते बहुतेक पाण्यातले ऑक्सिजन. एक्स-रेने काढलेल्या रचनेत हायड्रोजन सहसा दिसत नाही, म्हणून नुसता ठिपका उरतो. पोरीचं चुकलेलं नाही. तुमच्याकडे साच्यासाठी पॅटर्न करायच्या आधी डिझाइनवाला कॉम्प्युटरवर, कॅडमध्ये, जॉब फिरवून दाखवतो, त्याला कुणी गेम म्हणतं का? फिरवण्याचं गणित तेच आहे.

कडू भागही सांगतो. कोल्हापुरात या कामाची नोकरी शोधू नका. पुणे, हैदराबाद, बंगळूर इथेही जागा मोजक्याच, आणि पुष्कळ ठिकाणी एम.एस्सी., पीएच.डी. बघतात. पण नुसतं कोडिंग येणारे ढिगाने आहेत, ज्यांना प्रोटीनही कळतं असे थोडे. नीटसाठी घोकलेली केमिस्ट्री-बायो इथे वसूल होते.

गुणपत्रिकेत गणित आहे, म्हणून इंजिनिअरिंगसाठी सीईटीचा पीसीएम (फिजिक्स-केमिस्ट्री-गणित) ग्रुप उघडा आहे; नाहीतर इथेच बी.एस्सी. करून जॅम, म्हणजे आयआयटीत एम.एस्सी.ला जाण्याची परीक्षा.

तोवर मॉलिक्युल दाखवणाऱ्या जेमॉलसारख्या प्रोग्रामचा कोड तिने वाचावा, तो सगळ्यांना खुला आहे. तो मुळात जावा या भाषेत लिहिलेला; ब्राउझर जावाला नकार देऊ लागले तेव्हा त्याचं जावास्क्रिप्ट रूप करावं लागलं, तो बदलही बघावा. त्यातली एखादी बारीक चूक दुरुस्त करून पाठवली, तर मुलाखतीत दाखवायला काहीतरी हातात राहील.

तुम्ही एवढंच करा. किल्ली तिच्या हातात द्या आणि रविवारी शेजारी बसा. तुमचा धंदा लोखंडाचा. हिमोग्लोबिनमध्ये लोखंडाचे चार अणू असतात. ‘कुठं आहेत दाखव’ म्हणा.