दोन पानांवर अडणारी कथा

बी.ए.च्या पहिल्या वर्षाची मुलगी, बेळगावच्या वडगाव भागातली (ओळख पटू नये इतके तपशील बदलले आहेत). तिच्या वहीत ११ कथा सुरू झालेल्या, पुऱ्या फक्त २, आणि त्या दोन्हींत शेवटी नायिका मरते. "सुचतं मॅडम. लिहायला बसते, खरं दोन पानांवर अडतंच. माझ्यात ते नाहीच की काय?" हे 'खरं' म्हणजे 'पण'. तिची दुसरी भीती याच शब्दाची होती: आपली मराठी कानडीच्या वळणाची, पुण्याचा वाचक हसेल.

प्रतिभेचा प्रश्न इतक्यात काढूच नये. आधी वही बघावी. या वहीत प्रत्येक कथेचा पहिला परिच्छेद पाच-सहा वेळा खोडून लिहिलेला होता. दम तिथेच संपायचा. पण खरी गाठ दुसरीकडे होती. कथा जिथे थांबायची तिथे बहुतेक वेळा आईचं पात्र तोंड उघडणार असायचं. तिची आई यंत्रमागाच्या कारखान्यात कांड्या भरते, म्हणजे मागासाठी छोट्या नळ्यांवर सूत गुंडाळते. घरचे ओळखतील या धास्तीने पेन थांबायचं. पुऱ्या झालेल्या दोन कथांत आई नव्हतीच. शेवटचं मरणही तिथूनच येतं: पात्राला नेमकं काय हवंय हे लिहिणाऱ्यानेच स्वतःपासून लपवलं की पुढे घडायला काही उरत नाही, मग हमरस्त्यावर ट्रक आणावा लागतो.

म्हणून पहिला नियम ठरला: पहिला खर्डा कुणालाही दाखवायचा नाही, मैत्रिणीलासुद्धा. झाकाझाक दुसऱ्या खर्ड्यात. वय, भावंडं, गल्ली बदलता येते. भांडणाचं कारण आणि हातांच्या सवयी बदलू नयेत, कथा त्यावरच उभी असते. कर्ज, आजार, मोडलेली सोयरीक अशी गोष्ट दुसऱ्याची असेल, तर छापायला देण्याआधी त्या माणसाला विचारावं.

मग माप दिलं. एक दिवस, एक जागा, दोन-तीन माणसं, ८०० ते १००० शब्द. हाताने लिहिलेली साधारण चार-पाच पानं. रोज ४० मिनिटं, मागचं न खोडता. उठताना वाक्य अर्धवट सोडायचं, म्हणजे दुसऱ्या दिवशी कोऱ्या पानाशी झटापट होत नाही.

तिची कथा आजोबा वडगावात कामाला आले तिथून सुरू व्हायची. दीड पान त्यातच. घडायला सुरुवात दुसऱ्या पानाच्या तळाशी: मालकाने माग भंगारात काढायचे ठरवलेत, आणि त्याच दुपारी मुलगी परीक्षेच्या फीचे पैसे मागायला कारखान्यात येते. वरचं सगळं काढलं. आजोबांना एका वाक्याची जागा मिळाली, नंतर तीही गेली.

संवादात जास्त वेळ गेला. वहीत मुलगी विचारते, "आई, तू आज एवढी उदास का आहेस?" असं त्या घरात कुणी बोलत नाही. नव्या खर्ड्यात मालक दारातून विचारतो, "ऊट आय्ता?" आई हातातली कांडी न थांबवता म्हणते, "झालं की." शेजारी तिचा डबा तसाच, न उघडलेला. कानडीचा अर्थ कंसात द्यावा लागला नाही, उत्तराने आणि डब्याने तो सांगितला. निवेदन तिने प्रमाण मराठीत ठेवलं, बोलणं घरचं. निवेदनही बोलीत चालतं, फक्त मध्येच कूस बदलू नये. आणि कानडी मुलखाची धास्ती कशाला? बेळगावात शिकलेले जी. ए. कुलकर्णी धारवाडच्या कॉलेजात इंग्रजी शिकवत मराठी कथा लिहीत राहिले.

खर्डा झाल्यावर आठवडाभर वही बंद. मग मोठ्याने वाचायचं, जीभ अडखळेल तिथे पेन्सिलची खूण. शेवटच्या परिच्छेदाकडे संशयाने बघावं. नवख्याच्या कथेत तिथे बहुधा कथेचा अर्थ सांगितलेला असतो. तिच्याकडे 'गरिबी माणसाला लवकर मोठं करते' असं होतं. ते खोडल्यावर शेवट उरला तो असा: मुलगी फीचं काही न बोलता आईशेजारी बसते आणि रिकामी कांडी उचलते.

पाठवायचं मागाहून बघू. दिवाळी अंकांचा मजकूर कित्येक महिने आधी ठरतो, गणपतीनंतर धावपळ करून उपयोग नसतो. आणि एक कथा एका वेळी एकाच ठिकाणी द्यावी. बेळगावजवळच्या कडोली, येळ्ळूर, उचगाव इथल्या साहित्य संमेलनांना जाऊन लिहिणारी माणसं मात्र आताच बघून घ्यावीत.

चौथ्या भेटीला कथा ९२० शब्दांवर आली होती. आईला वाचून दाखवली का? "अजून नाही. खरं सूत तुटलं की गाठ कशी मारतात ते तीनदा विचारलं, तेव्हापासून ती माझ्याकडे बघतच बसते."