वाचक विचारतात : प्लॅनमध्ये नसलेली मजा

प्रश्न : ताई, आम्ही दोघं जूनमध्ये पहिल्यांदाच पॅरिस आणि रोमला चाललोय. यांनी एक्सेल शीट केलीय, सकाळी आठपासून झोपेपर्यंत अर्ध्या अर्ध्या तासाचं सगळं भरलेलं. पण जाऊन आलेली मंडळी भेटली की शीटमधलं काहीच सांगत नाहीत, भलतीकडे कुठे शिरलो आणि काय सापडलं हेच रंगवून सांगतात. मग प्लॅन करूच नये का?

उत्तर : करा की! शीट फाडू नका, त्यांनी बिचाऱ्यांनी मेहनत घेतलीय. फक्त संध्याकाळचे रकाने पुसून टाका. जूनअखेरीला पॅरिसमध्ये सूर्य मावळायला रात्रीचे जवळजवळ दहा वाजतात, म्हणजे सहानंतर अख्खा एक दुपारभर उजेड शिल्लक असतो आणि आपली लोकं तेव्हा हॉटेलवर जाऊन उद्याची बॅग भरत बसतात, हे मला कधी कळलेलंच नाही. त्यातून तुम्ही 21 जूनला तिथे असाल तर त्या दिवशी फ्रान्सभर फेत द ला म्युझिक असतो, 1982 पासून चालू आहे, चौकात, पुलावर, कॅफेबाहेर जो तो आपलं वाद्य घेऊन उभा, तिकीट वगैरे काही नाही, कोणी भारी वाजवतं, कोणी अगदीच भयानक, आणि दोन्हीला गर्दी असते. ज्यांना हे माहीतच नसतं ते सहज पाय मोकळे करायला बाहेर पडतात आणि मध्यरात्री परत येतात. (आता मी सांगून टाकलं म्हणजे तुमच्यासाठी ते अनप्लॅन्ड उरलं नाही, सॉरी.)

रोमचं वेगळं आहे, तिथे ऊन चुकवायला म्हणून शिरलात तरी घबाड हाती लागतं. पियाझ्झा नवोनाच्या जवळ सान लुइजी देई फ्रांचेझी नावाचं चर्च आहे, आत जायला पैसे लागत नाहीत आणि आत कोपऱ्यातल्या एका चॅपेलमध्ये, म्हणजे चर्चमधल्याच छोट्या प्रार्थनाघरात, काराव्हाजो या जुन्या इटालियन चित्रकाराची संत मॅथ्यूवरची तीन चित्रं टांगलेली, ती ज्या जागेसाठी काढली तिथेच, म्युझियममध्ये नाही. इटलीतल्या बऱ्याच जुन्या चर्चमध्ये चॅपेल अंधारंच असतं, पेटीत नाणं टाकलं की थोडा वेळ दिवा लागतो, मग कोणीतरी अनोळखी माणूस नाणं टाकतो आणि आजूबाजूचे सगळे त्याच्या उजेडात माना उंच करून बघून घेतात. तुमच्या शीटमध्ये याचा रकाना कसा करणार?

प्लॅन केलेल्या गोष्टीचे फोटो आपण आधीच इतके पाहिलेले असतात की तिथे पोचल्यावर नुसतं ताडून बघणं होतं. न ठरवलेल्या गोष्टीकडून काही अपेक्षाच नसते, म्हणून ती लक्षात राहते. पण तिला वेळ लागतो हो, रोज नवं शहर आणि रोज चेकआऊट असेल तर ती कुठून यायची?

प्रश्न : मी एकटीच जाणारे, भाषा येत नाही आणि मला रस्ते अजिबात लक्षात राहत नाहीत. हे असं भटकणं मला झेपेल का?

उत्तर : झेपेल, फक्त जिथे हरवताच येत नाही असं भटका. न्यूयॉर्कला स्टेटन आयलंड फेरी फुकट आहे, साधारण 25 मिनिटं एका बाजूला, स्टॅच्यू ऑफ लिबर्टी समोरून जातो, पलीकडे उतरायचं आणि परतीच्या बोटीत बसायचं. इस्तंबूलला एमिनोन्यूहून कादिकोयची बोट पकडा, वीसेक मिनिटांत युरोपातून आशियात, मागे सीगल लागतात आणि लोक त्यांना ब्रेडचे तुकडे उडवत असतात. टोकियोत यामानोते लाइनची लोकल ट्रेन गोल फिरते, तासाभरात जिथे बसलात तिथेच परत. ऑफिसला निघालेल्या लोकांच्यात बसून नुसतं बघायचं, त्यांची डुलकी, त्यांची छत्री, त्यांची शांतता. टूरवाले हे दाखवत नाहीत कारण यात दाखवण्यासारखं काही नाहीच. हॉटेलचं कार्ड पर्समध्ये आणि ऑफलाइन मॅप फोनमध्ये असू द्या, झालं.

प्रश्न : मग ऐनवेळी वाटेल तिकडे जायचं का?

उत्तर : वाटेल तिकडे नाही, बॉर्डरपर्यंतच! शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा, सिंगल एंट्री असेल तर एकदा बाहेर पडलात की त्याच व्हिसावर परत आत येता येत नाही. क्रोएशियातल्या डुब्रोव्हनिकला असं नकळत बाहेर पडणं फार सोपं आहे, मोस्तारचा तो जुना पूल एका दिवसात बघून येता येतो असं कोणीही सांगतं, पण मोस्तार बोस्नियात आहे, बोस्निया शेंगेनमध्ये नाही आणि क्रोएशिया 1 जानेवारी 2023 पासून आहे. म्हणजे पूल बघून झाला की तुम्ही बाहेर आणि बॅग डुब्रोव्हनिकच्या हॉटेलात. तेव्हा पासपोर्टमधल्या व्हिसावर किती एंट्री लिहिल्यात ते आजच बघा, आणि सिंगल असेल तर तिथल्याच एखाद्या बेटाच्या बोटीत चढा, कुठलं ते धक्क्यावर जाऊन ठरवा, फक्त परतीची शेवटची बोट किती वाजता ते चढायच्या आधी विचारून घ्या.