गिटार, गोंगाट आणि तुमची पत्रं : ही गाणी खरंच निराश करतात का?

(भोसरीतल्या एका कारखान्यात पत्र्याच्या प्रेसवर नोकरी करून निवृत्त झालेले आमचे स्तंभलेखक रॉक आणि मेटल संगीताविषयी वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देतात.)

प्रश्न : माझा मुलगा बारावीत आहे. दिवसभर हेडफोन लावून ब्लॅक सॅबथ आणि मेटॅलिका ऐकतो. मी त्या गाण्यांचे शब्द शोधून वाचले. युद्ध, मरण, सैतान, फसवणूक, दुसरं काही नाही. आमच्या वेळच्या गाण्यांत निदान उद्याची आशा तरी असायची. या वयात असलं ऐकून त्याचा जगावरचा विश्वास उडेल, अशी भीती वाटते.
– एक आई, नाशिक

ताई, शब्द शोधून वाचलेत, निम्मं काम तिथेच झालं. एरवी घरचे लोक टी-शर्टवरची कवटी बघूनच निकाल देऊन मोकळे होतात. आता तेच शब्द पुन्हा वाचा, फक्त कोण कुणाला बोलतंय तेवढं बघा.

ब्लॅक सॅबथपासून सुरुवात करतो, कारण माझ्या नोकरीमुळे तो बँड मला जरा जास्तच जवळचा. बर्मिंगहॅमच्या अ‍ॅस्टन भागातली ही चार कामगारांची पोरं. गिटारवाला टोनी आयोमी १७ वर्षांचा असताना पत्र्याच्या कारखान्यात वेल्डिंग करायचा. नोकरीचा शेवटचा दिवस होता. प्रेसवरचा माणूस आला नाही म्हणून याला त्या मशिनवर उभं केलं. (एवढंच वाक्य भोसरी-चाकणच्या कुठल्याही कामगाराला वाचून दाखवा, पुढचं तो स्वतः सांगेल.) आमच्या खात्यात प्रेसला हात वाचवणारा गार्ड होता, आणि टार्गेट गाठायचं म्हणून तो काढून ठेवलेलाही असायचा. हात पत्रा सरळ करायला पुढे गेलेला असतो आणि पाय सवयीने पॅडलवर पडतो. आयोमीच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं आणि अनामिकेचं टोक गेलं. गडी डावखुरा, म्हणजे गिटारच्या तारा दाबायचा हात नेमका तोच. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, वर कातडं चिकटवलं. जाड तारा दाबवेनात म्हणून हलक्या लावल्या, पुढे त्या सैल सोडल्या. तुमच्या मुलाच्या हेडफोनमधून जो खोल, जड आवाज येतो त्याचं मूळ बरंचसं त्या मशिनपाशी आहे. अशा माणसाच्या बँडने फुलपाखरांवर गाणी करावीत, ही अपेक्षा जरा जास्तच.

शब्द मात्र बहुतेक बेसवाल्या गीझर बटलरचे, आणि तो कॅथलिक घरात वाढलेला. १९७० च्या ‘वॉर पिग्ज’मध्ये सेनापती चेटकिणींसारखे जमतात, पुढारी युद्ध लावून देऊन लपून बसतात आणि लढायला गरिबांची पोरं जातात. शेवटी सैतान हसतो, ते तुम्ही वाचलंच असेल. पण त्याच्या आधी न्यायाचा दिवस येतो आणि हेच युद्धखोर गुडघ्यांवर रांगत दयेची भीक मागतात. ज्याचा न्यायावर विश्वासच उरला नाही तो न्यायाचा दिवस कशाला लिहील?

पुढच्याच वर्षी आलेल्या ‘चिल्ड्रन ऑफ द ग्रेव्ह’चं नुसतं नाव ऐकून तुम्ही देवापुढे दिवा लावाल. आत आहेत ती अणुबॉम्बच्या सावलीत वाढलेली, मोर्चा काढणारी तरुण मुलं. प्रेम अजून जिवंत आहे हे जगाला दाखवायचं तर धीट व्हा, असं त्यांना बजावलंय. नाठाळाच्या माथी काठी हाणायची भाषा आपल्या तुकोबांनीही केली. त्यांना कुणी निराशावादी म्हटल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

मेटॅलिकाचं ‘फेड टू ब्लॅक’ (१९८४) तुम्हाला सगळ्यात जास्त खुपलं असणार. जगायची इच्छा संपत चाललेल्या माणसाचं ते गाणं, त्यात दिलाशाचा एक शब्द नाही. लिहायचं निमित्त काय, तर बॉस्टनमध्ये बँडचं सामान चोरीला गेलं आणि त्यात गायक जेम्स हेटफील्डचा लाडका अ‍ॅम्प्लिफायर होता. हसू येईल, पण पंचविशीही न गाठलेल्या, खिशात पैसे नसलेल्या पोराचं त्या दिवशी सगळंच गेलेलं असतं. या गाण्याने आम्हाला सावरलं, असं पुढे कितीतरी श्रोत्यांनी बँडला कळवलं. मला त्याचं नवल वाटत नाही. ‘सगळं छान होईल’ म्हणणाऱ्यापेक्षा ‘माझंही असंच झालंय’ म्हणणारा त्या वेळी जवळचा वाटतो.

मुलगा जेवतोय, झोपतोय, मित्रांत मिसळतोय, तोवर हेडफोनची काळजी करू नका. यातलं काही थांबलं असेल तर मात्र गाण्यांचा कीस पाडत बसू नका, त्याच्याशी बोला आणि डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : ‘विंड ऑफ चेंज’ पहिल्यांदा ऐकलं तेव्हा अंगावर काटा आला होता. बर्लिनची भिंत पडली होती, जग आता शहाणं होणार असं वाटत होतं. आज ते गाणं भाबडं वाटतं. मग तुमच्या मेटलवाल्यांचा तिरकसपणाच शेवटी खरा ठरला म्हणायचा का?
– निवृत्त मुख्याध्यापक, सातारा

सर, या गाण्याच्या जन्मातच तिरकसपणा भरपूर आहे. ऑगस्ट १९८९. मॉस्कोच्या लेनिन स्टेडियममध्ये हार्ड रॉकचा मोठा जलसा झाला, हेतू जगात शांतता आणि अमली पदार्थांना विरोध. त्यामागचा मुख्य माणूस डॉक मॅकगी स्वतःच गांजाच्या तस्करीत दोषी ठरलेला! एवढ्यावरच एखाद्याने झकास टवाळीचं गाणं लिहिलं असतं. तिथे वाजवायला गेलेल्या जर्मनीच्या स्कॉर्पिअन्सचा गायक क्लाउस माइन याने मात्र त्या गर्दीतून आणि नदीकाठावरून वेगळंच काही आणलं, आशेने भरलेलं हेच गाणं. भिंत पडायला तेव्हा तीन महिने बाकी होते.

आणि आता पुढचं. २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यावर माइनने सुरुवातीच्या ओळी बदलल्या. मॉस्क्वा नदी आणि गॉर्की पार्क काढून तिथे युक्रेन आणलं. चाल तीच, शिट्टी तीच. ज्या गाण्यावर आयुष्यभर टाळ्या मिळाल्या ते तसंच रेटता आलं असतं. भाबडा माणूस असा हिशेब पुन्हा मांडत नाही.

उलट्या बाजूचंही बघा. द हू या बँडचं १९७१ चं ‘वोंट गेट फूल्ड अगेन’ : क्रांती होते, झेंडे बदलतात आणि खुर्चीवर बघावं तर ये रे माझ्या मागल्या. युनियनची निवडणूक झाली की नवे पदाधिकारी आठवड्याभरात मॅनेजरच्या केबिनमध्ये चहा पिताना दिसायचे, तेव्हा मी हेच गाणं गुणगुणायचो. पण नावातच गाणारा म्हणतोय की पुन्हा फसणार नाही. ज्याला कशाचीच अपेक्षा नाही, त्याला फसायची भीती कसली?

मेगाडेथ या बँडच्या १९८६ च्या ‘पीस सेल्स’चं तसंच. शांतता विकायला ठेवलीय पण गिऱ्हाईक कुठाय, असा त्याचा खवचट सूर. त्यांचा गायक डेव्ह मस्टेन त्यात आपल्यावर आरोप करणाऱ्यांना एकेक उत्तर देत जातो आणि अखेर म्हणतो की नवा मार्ग निघाला तर रांगेत पहिला मी असेन, फक्त या खेपेला तो चालला पाहिजे. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो, तसा हा फुंकतोय. प्यायचं त्याने सोडलेलं नाही.

खरा निर्ढावलेपणा मला दिसतो तो ‘सगळे चोर, लोक मूर्ख, मी एकटा शहाणा’ एवढंच सांगून संपणाऱ्या गाण्यांत. अशी गाणी आहेत, पुष्कळ आहेत. दोनदा ऐकली की संपतात.

प्रश्न : ते घोगऱ्या आवाजात नुसते गुरगुरतात. शब्दच कळत नाहीत, मग त्यात आदर्श काय आणि तिरकस काय?
– एक त्रस्त शेजारी, डोंबिवली

नाट्यपदाची तान ऐन भरात असताना शब्द कळतात का तुम्हाला? तिथे पदांचं पुस्तक असायचं, इथे अल्बमबरोबर छापील शब्द मिळतात. फ्रान्सचा गोजिरा हा बँड तुमच्या व्याख्येनुसार गुरगुरणाराच. २०२१ मध्ये त्यांनी ‘अमेझोनिया’ हे गाणं काढलं आणि त्याचं उत्पन्न ब्राझीलच्या आदिवासींच्या संघटनेला दिलं. बाकी रात्री दहानंतरच्या आवाजाबद्दल तुमची तक्रार रास्त आहे, ती सोसायटीत करा.

प्रश्न : काका, आमचा चौघांचा बँड आहे, मराठीत मेटल करतो. शब्द मी लिहितो. आशेचं काही लिहिलं की बाकीचे तिघे हसतात, भाषण वाटतं म्हणतात. कडू लिहिलं की खूश. पण ते कडू माझं मलाच खोटं वाटतं. काय करू?
– इंजिनीअरिंगचा विद्यार्थी, कोल्हापूर

अरे, तुझ्यासाठी एक मजेदार गोष्ट आहे. इंग्लंडच्या निक लोने १९७४ मध्ये एक गाणं लिहिलं. शांतता, प्रेम आणि समजूतदारपणा यांत हसण्यासारखं काय आहे, असा त्यात सवाल. लिहिताना त्याच्या डोळ्यांसमोर होता तो जमाना उलटून गेलेला एक हिप्पी, म्हणजे निम्मी थट्टाच. १९७८ मध्ये एल्व्हिस कॉस्टेलो या गायकाने तेच शब्द घेतले आणि दात-ओठ खाऊन गायले. थट्टा कुठल्या कुठे गेली, सवाल तेवढा उरला. पुढे कर्टिस स्टायगर्सच्या आवाजात ते ‘द बॉडीगार्ड’ सिनेमाच्या अल्बममध्ये गेलं, अल्बम तुफान खपला आणि निक लोच्या घरी रग्गड पैसा आला.

तेव्हा तुझे तिघे आशेला हसत नाहीयेत, पत्ता नसलेल्या आशेला हसताहेत. ‘उठा, जागे व्हा, अंधार सरेल’ हे वाचून मीही हसलो असतो. दिल्लीचा ब्लडीवूड ऐक. ढोल वाजवतात, हिंदी-पंजाबीत ओरडतात. ‘जी वीरे’ नैराश्यात बुडालेल्या माणसाशी बोलतं, ‘दाना दान’ बायकांवर हात टाकणाऱ्यांवर तुटून पडतं. एकात माया, एकात संताप, आणि दोन्ही एकाच बँडची. त्यांना त्यात विसंगती वाटत नाही.

तू पंचगंगेचा पूर बघितला असशील. पाणी ओसरल्यावर घरात किती चिखल होता, गाद्या कुठे वाळत घातल्या, पंचनाम्याला कोण आलं आणि कोण आलंच नाही, हे लिही. आईला दुकानाचं शटर उघडून द्यायला शेजारचा कोण धावला, तेही त्याच कडव्यात येऊ दे. गायचं कसं, ओरडून की खर्जात, ते तिघांवर सोड.

आणि लिहून झालं की मला पाठव. चाल नको, रेकॉर्डिंग नको, नुसते शब्द, कागदाच्या एकाच बाजूला. ‘रक्त’, ‘अंधार’ आणि ‘ज्वाला’ हे तिन्ही शब्द एकाच कडव्यात आले तर उत्तर मिळणार नाही.