फायबर आल्यावर फॅक्स अर्ध्यात का तुटतो, आणि तो नेटवर्कवर घ्यायचा कसा

तुमची अडचण मला समजली ती अशी: भोसरीतला कारखाना, जुनी तांब्याची लाइन जाऊन फायबर आलं, बोलणं स्वच्छ ऐकू येतं, पण जपानी ग्राहकाची ऑर्डर फॅक्सवर अर्धं पान येऊन तुटते. शिवाय आता चोवीस एक्स्टेन्शनचं जुनं ईपीएबीएक्स (म्हणजे पीबीएक्स, ऑफिसचं अंतर्गत फोन एक्स्चेंज) काढून फोन आणि फॅक्स दोन्ही कॉम्प्युटर नेटवर्कवर घ्यायचा विचार आहे.

'ग्राहकालाच ईमेल करायला सांगा' असा सल्ला कुणी दिला असेल तर तो सोडून द्या. जपानमध्ये २०२१ साली मंत्री तारो कोनो यांनी सरकारी कचेऱ्यांतून फॅक्स हटवायचं ठरवलं, तर खात्यांकडूनच शेकडो हरकती आल्या आणि बेत गुंडाळावा लागला. जिथे मंत्र्याचं चाललं नाही तिथे भोसरीच्या सप्लायरचं काय चालणार!

आधी फॅक्स का तुटतो ते बघू. फायबरवर आवाज साधारण २० मिलिसेकंदांच्या तुकड्यांत, म्हणजे पाकिटांत, कापून जातो. एखादा तुकडा वाटेत हरवला, तर पलीकडचं यंत्र आधीच्या आवाजावरून अंदाजाने ती जागा भरतं. कानाला पत्ता लागत नाही. फॅक्सच्या मोडेमला मात्र त्या सुरांमधूनच पानाचे बिट काढायचे असतात. अंदाजाने भरलेला तुकडा त्याच्या दृष्टीने कचरा. तुकडे कमीजास्त उशिरा पोचतात म्हणून गेटवे, म्हणजे फोनचा आवाज नेटवर्कवर चढवणारं-उतरवणारं यंत्र, मधे थोडा साठा ठेवतं. चालू कॉलमध्ये त्या साठ्याची लांबी बदलली, तरी मोडेमचा ताल चुकतो.

म्हणून आधी मशीनचा रिपोर्ट काढा आणि नेमकं कुठे तुटतंय ते पाहा. शिट्ट्यांची देवाणघेवाण होते पण पान सुरूच होत नाही, असं असेल तर बहुधा कोडेकचा, म्हणजे आवाज आकड्यांत बदलण्याच्या पद्धतीचा, घोळ. जी.७२९ आवाज ८ केबीपीएसपर्यंत दाबतो. तो माणसाच्या बोलण्यावर बेतलेला आहे, त्यातून फॅक्स जात नाही. ६४ केबीपीएसचा जी.७११ हवाच, आणि शांततेत पाकिटं थांबवणारी सोय बंद हवी. पहिलं पान नीट येऊन तिसऱ्या-चौथ्यावर तुटत असेल, तर दोन टोकांच्या घड्याळांतला फरक साठत गेलेला असतो. तुमच्यासारखं पानाच्या मध्येच तुटत असेल, तर पाकिटं हरवताहेत किंवा तो साठा हलतोय.

यावरचा खरा इलाज म्हणजे टी.३८. आयटीयू या जागतिक दूरसंचार संघटनेने १९९८ मध्ये आणलेलं हे मानक फॅक्सचे सूर आवाज म्हणून पाठवतच नाही. मशीनजवळचं गेटवे सुरांमधून बिट काढतं, तेवढेच नेटवर पाठवतं, आणि पलीकडचं गेटवे पुन्हा सूर तयार करतं. प्रत्येक पाकिटासोबत आधीच्या पाकिटांच्या प्रतीही जाऊ शकतात, त्यामुळे एखादं हरवलं तरी निभावतं. मात्र तुमच्याकडचा फायबरचा डबा (ओएनटी) आणि फोन कंपनीचं स्विच, दोघांनाही टी.३८ यायला हवं. एकानेही नकार दिला की कॉल गुपचूप साध्या आवाजावर परततो. ग्राहक सेवेतला पहिला माणूस 'हो सर, फॅक्स चालतो' एवढंच म्हणेल. त्याला 'कॉल चालू असताना टी.३८ चा री-इन्व्हाइट स्वीकारता का?' (म्हणजे आवाज सोडून टी.३८ वर येण्याची विनंती) असं विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

मशीनवर दोन गोष्टी आजच करा. सुपर जी३ (जास्त वेगाच्या फॅक्सची सोय) बंद करा आणि वेग सेकंदाला ९६०० बिटवर आणा. ईसीएम, म्हणजे चुकलेला भाग पुन्हा मागवण्याची सोय, बंद करा असं नेटवर अनेक जण सांगतात. बंद केल्यावर पानं जास्त पोचतात हे खरं, पण मधल्या ओळी विस्कटून. ऑर्डरमध्ये मापं आणि नगांचे आकडे असतात. ०.०५ चं ०.०६ वाचलं जाण्यापेक्षा पान न आलेलं परवडलं. मी तरी चालूच ठेवेन.

आता नेटवर्कवर घेण्याचं. आधी तुमचंच मशीन तपासा. ऑफिसमधल्या बऱ्याच मल्टिफंक्शन मशीनमध्ये आलेला फॅक्स पीडीएफ करून ईमेलला किंवा शेअर फोल्डरला टाकण्याची सोय असते, आणि कॉम्प्युटरवरून थेट फॅक्स पाठवायचा ड्रायव्हरही. बहुतेकांनी ती उघडून पाहिलेलीच नसते. तसं असेल तर मशीन ओएनटीच्या फोन पोर्टला थेट लावा, मध्ये ईपीएबीएक्स नको. सर्व्हर, गेटवे, खर्च, काहीच लागणार नाही.

हे जमलं नाही तरच सर्व्हर. अ‍ॅस्टरिस्क हे मोफत एक्स्चेंज सॉफ्टवेअर स्पॅनडीएसपी लायब्ररीच्या मदतीने स्वतःच फॅक्स घेऊ शकतं. ते टिफ फाइल बनवतं, तिची पीडीएफ करून मेल करणं हे छोट्या स्क्रिप्टचं काम. सिप ट्रंक (नेटवर्कवरून येणारी फोन लाइन) परवानाधारक कंपनीकडूनच घ्या आणि फॅक्सला स्वतंत्र नंबर द्या. एकाच नंबरवर 'फोन की फॅक्स' ओळखायला लावलं की बोलणाऱ्याला उगाच ताटकळावं लागतं.

फोनचा भाग त्यामानाने सोपा. चोवीस एक्स्टेन्शन एकदम उखडू नका. शॉप फ्लोअरवरचे साधे फोन धूळ-तेलात वर्षानुवर्षं चालतात. ते एफएक्सएस गेटवेवर (साधे फोन नेटवर्कला जोडणाऱ्या डब्यावर) घ्या, आयपी फोन ऑफिसपुरते. जी.७११ चा एक कॉल एका दिशेला साधारण ८५ केबीपीएस खातो, म्हणजे दहा कॉल एक एमबीपीएसच्या आत. विक्रेता 'मोठा प्लॅन घ्या' म्हणेल, पण खरा त्रास सीसीटीव्हीचं फुटेज आणि टॅलीचा बॅकअप एकाच वेळी वर चढायला लागतो तेव्हा होतो. आवाजाला वेगळा व्हीलॅन (नेटवर्कमधला स्वतंत्र कप्पा) आणि अग्रक्रम द्या, राउटरमधलं सिप एएलजी (फोनच्या पाकिटांत ढवळाढवळ करणारी सोय) बंद करा. एक्स्टेन्शनचे पासवर्ड १२३४ ठेवू नका आणि ज्यांना गरज नाही त्यांचं आयएसडी बंद ठेवा. रात्रीत परदेशी कॉल लावून बिल फुगवणारे लोक असे उघडे पीबीएक्स शोधतच असतात.

आणि वीज. तांब्याच्या लाइनला एक्स्चेंजमधून ४८ व्होल्ट यायचे, त्यामुळे दिवे गेले तरी साधा फोन वाजायचा. फायबरवर ते गेलं. आता ओएनटी, स्विच, पीबीएक्स आणि फॅक्स मशीन, चौघेही यूपीएसवर हवेत. जपान आपल्या साडेतीन तास पुढे आहे. त्यांचं ऑफिस सकाळी नऊला उघडतं तेव्हा इथे पहाटेचे साडेपाच वाजलेले असतात, आणि मेन स्विच आदल्या रात्रीच बंद केलेला असतो. गुरुवारी आपल्याकडे सुट्टी आणि दुरुस्तीसाठी वीज बंद, त्यांचं काम मात्र चालू. फॅक्सचं सर्किट मेनपासून वेगळं काढून घ्या.

बदल झाल्यावर चाचणी बॅकअप चालू असतानाच घ्या. ग्राहकाकडून बारीक आकड्यांची पाच-सहा पानं मागवा. तरीही तुटलं तर मशीनचा प्रोटोकॉल रिपोर्ट आणि ओएनटीचं मॉडेल इथे टाका. ग्राहकाचा नंबर तेवढा खोडून.