ऑपरेशन नाही, मग पोराच्या डोक्याला पिना कशाला?

प्रश्न: माझा मुलगा 4 वर्षांचा, स्कूटरवर पुढे उभा होता, अचानक ब्रेक लागला आणि डोक्यावर पडला. मानेचा दुसरा मणका तुटलाय पण हातपाय नीट हलतात. डॉक्टरांनी डोक्याला पिनांनी रिंग आणि अंगात जॅकेट बसवून दोन्ही दांड्यांनी जोडलंय, 3 महिने ठेवायचंय. सासूबाई म्हणतात हाडवैद्याकडे नेऊ, मालिशने बसेल. मिस्टर म्हणतात एवढ्या पिना लावल्या तर सरळ ऑपरेशनच का नाही केलं?

उत्तर: ताई, मालिश अजिबात नको, कुणीही कितीही सांगू दे. त्या मणक्याला लागूनच मज्जारज्जू जातो, मान जरा इकडची तिकडे झाली तर आज चालणारे हातपाय जातील.

आता मिस्टरांचं. दुसऱ्या मणक्याचं वरचं टोक एवढ्या लहान वयात खालच्या भागाला कूर्चेनेच जोडलेलं असतं, तिथे पक्कं हाड व्हायला साधारण सहावं-सातवं वर्ष उजाडतं, आणि लहान मुलांचं डोकं अंगाच्या मानाने जड, म्हणून पडल्यावर बहुतेक वेळा तिथेच तुटतं. पण हीच जागा ह्या रिंग-जॅकेटने सरळ धरून हलू दिली नाही तर छान जुळून येते. ऑपरेशन म्हणजे बऱ्याचदा पहिला आणि दुसरा मणका एकमेकांना कायमचा जोडणं, आणि मान वळवण्याचं जवळपास निम्मं काम ह्या दोघांतच होतं हो! म्हणून ऑपरेशन कधी, तर टोक जागेवर बसत नसेल, रिंग लावूनही सरकत असेल, नस दाबली जात असेल किंवा जुळतच नसेल तेव्हा.

पिना बघून पोटात गोळा येतो मला माहितीये, पण त्या कवटीच्या बाहेरच्या थरातच टेकलेल्या असतात. मोठ्यांना 4 पुरतात, लहानांची कवटी पातळ म्हणून 8-10 लावतात पण हलक्या हाताने आवळतात.

घरी रोज पिनांच्या कडा सांगितल्याप्रमाणे पुसा. लाली, पू, पिन सैल वाटली किंवा टकटक आवाज आला तर फोन करा, स्वतः आवळू नका. रिंगला किंवा दांड्यांना धरून उचलू नका, जॅकेट ओलं होऊ देऊ नका, अंग पुसून घ्या. जॅकेटला चिकटवलेला पाना काढून ठेवू नका, श्वास अडकला तर जॅकेट त्यानेच उघडतात. हातपाय लुळे वाटले, मुंग्या आल्या, लघवी अडली तर रात्र असली तरी निघा.

रिंग निघाल्यावर काही आठवडे कॉलर असते, मान आखडलेली वाटेल, ती हळूहळू मोकळी होते. आणि स्कूटरवर पुढे उभं करणं आता कायमचं बंद करा प्लीज.