आकड्याचा हिशेब समजावला तर मुलाला नाद लागेल का?

“मॅडम, हे शिकवसान त त्याले अजूनच नाद लागन,” यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यातून आलेली आई मला काकुळतीने म्हणाली. सोयाबीन विकून डब्यात ठेवलेल्या पैशांतले ७०० रुपये तिच्या १५ वर्षांच्या मुलाने मटक्यावर घालवले होते. ही भीती मला अनेक पालक बोलून दाखवतात. परंतु मुलांना खेळ आधीच येत असतो, येत नसतो तो त्याचा हिशेब, असा माझा अनुभव आहे.

मुलगा दहावीत होता. संभाव्यतेच्या धड्यातील नाणी आणि फासे त्याने सोडवले होते, पण पानठेल्यामागच्या चिठ्ठीशी त्यांचा संबंध कोणीच जोडून दाखवला नव्हता. सात हा आकडा आठ दिवसांत आला नाही म्हणून आता येणारच, आणि काल सहा आला म्हणजे आपण एका घराने हुकलो, असे तो मनापासून मानत होता.

मी शून्य ते नऊच्या १० चिठ्ठ्या गडूत टाकल्या आणि पैशांऐवजी तुरीचे दाणे घेतले. भाव त्याच्याच गावचा ठेवला : एकाला नऊ, म्हणजे आकडा लागला तर लावलेल्या एका दाण्याचे एकूण नऊ हाती. प्रत्येक डावाला सातवर एक दाणा लावायचा आणि काढलेली चिठ्ठी पुन्हा गडूत टाकायची. पहिल्या २० डावांत सात तीनदा निघाला. २० दाण्यांचे २७ झाले आणि त्याचा चेहरा फुलला. येथे मुळीच थांबू नये, कारण नाद लागतो तो याच सात दाण्यांनी. २०० डाव झाले तेव्हा सात १९ वेळा निघाला होता, म्हणजे २०० देऊन १७१ हाती आले. दाणे त्याने स्वतः दोनदा मोजले. सोडत प्रामाणिक असली तरी १० रुपयांमागे सरासरी एक रुपया आकडा घेणाऱ्याकडेच राहतो, आणि एकच आकडा सलग १० दिवस लावला तरी १०० पैकी सुमारे ३५ वेळा तो एकदाही लागत नाही, हे मग आम्ही कागदावर मांडले.

“गडूले काय मालूम, काल काय निघालं थे?” तो हळूच म्हणाला.

तेवढ्याने नाद सुटला नाही; पुढच्या पंधरवड्यात त्याने आणखी दोनदा चिठ्ठी लावली आणि ते आपणहून सांगितले. तिसऱ्या भेटीला वडीलही आले. पोळ्याला आपणही पत्त्यांवर पैसे लावतो, हे त्यांनी मुलासमोर कबूल केले, तेव्हा मी तोच गडू पुन्हा मधोमध ठेवला.