तिळारीच्या कालव्याच्या देखभालीवर गोवा सरकारने खर्च का करावा?

करायलाच हवा, कारण हा कालवा एकट्या शेतकऱ्याचा नाही. गोव्यातल्या बार्देश आणि पेडणे तालुक्यांतल्या नळांचं बरंचसं पाणीही त्यातूनच येतं. अस्नोडा आणि चांदेलच्या जलशुद्धीकरण प्रकल्पांना याच कालव्याचं कच्चं पाणी मिळतं. म्हणून तो फुटला की म्हापशात टँकर फिरू लागतात, आणि शेतात वायंगणाचं, म्हणजे पावसाळ्यानंतर घेतलेलं भात ऐन पोटरीत असताना वाफे कोरडे पडतात. तिळारी धरण महाराष्ट्रातल्या दोडामार्ग तालुक्यात असलं तरी प्रकल्प महाराष्ट्र आणि गोवा या दोन्ही राज्यांचा आहे. पाण्यात गोव्याचा वाटा सुमारे 73 टक्के, आणि खर्चाची वाटणीही त्याच हिशेबाने ठरलेली. म्हणजे हे कुणावर उपकार नव्हेत.

भगदाड एका रात्रीत पडत नाही. काँक्रिटच्या अस्तराला तडा जातो, त्यात झुडूप रुजतं, पाणी अस्तरामागे शिरून भरावाची माती हळूहळू धुऊन नेतं. बांधाच्या पायथ्याशी भर उन्हाळ्यात हिरवं, दलदलीचं गवत दिसलं तर गळती सुरू झाली असं समजा आणि लगेच जलस्रोत खात्याला कळवा. तेव्हा तडा बुजवायला लागतो तो खर्च किरकोळ. फुटल्यावर भराव नव्याने घालायचा, आणि तोवर टँकरचा खर्च वेगळाच.

फक्त एक गोष्ट: कालव्याचा वरचा भाग महाराष्ट्राच्या हद्दीत आहे, त्यामुळे गोव्याने आपल्या हद्दीत कितीही पैसा ओतला तरी तिकडची कामं दोघांनी मिळून वेळेत केल्याशिवाय पाण्याची खात्री नाही.